अलास्का महामार्ग, १९४२ : कृष्णवर्णीय पलटणींच्या विस्मरणाचा प्रकरण अभ्यास

अलास्का राज्याच्या विधिमंडळाने २०१७ साली एक छोटा कायदा केला. दरवर्षी २५ ऑक्टोबर हा दिवस अलास्का महामार्ग बांधणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या योगदानाचा दिवस म्हणून पाळायचा, एवढाच त्याचा मजकूर. रस्ता १९४२ चा. म्हणजे घाम गाळल्यानंतर पंच्याहत्तर वर्षांनी सरकार-दरबारी दखल. मधल्या काळात हा रस्ता काही अडगळीत पडला नव्हता. १९४८ पासून तो सर्वांना खुला आहे, दर उन्हाळ्यात पर्यटकांच्या गाड्या त्यावरून उत्तरेकडे जातात, आणि १९९६ मध्ये अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने त्याला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जाही दिला. रस्ता सगळ्यांच्या लक्षात राहिला. तो बांधणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसं तेवढी गळली.

अशा प्रकरणात ‘इतिहासाने अन्याय केला’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण इतिहास स्वतःहून काही करत नाही. या माणसांना कुठे उतरवायचं, कोणत्या गावाजवळ फिरकू द्यायचं नाही, कोणाच्या ताब्यातलं यंत्र काढून कोणाला द्यायचं, हे सगळं १९४२ मध्येच ठरत गेलं. पुढच्या विस्मरणाची बरीचशी तयारी त्या आदेशांनीच करून ठेवली होती. म्हणून हे प्रकरण पराक्रमापासून सुरू न करता आदेशांपासून सुरू केलेलं बरं.

घाई कशाची होती

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अलास्का किती उघडा आहे हे अमेरिकेच्या ध्यानात आलं. तिथे जमिनीवरून जायला वाटच नव्हती. समुद्रमार्गावर जपानी नौदलाचं सावट. कॅनडातून अलास्काकडे जाणारी धावपट्ट्यांची एक साखळी तयार होत होती, फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स अशी. पण त्या धावपट्ट्यांना इंधन आणि सुटे भाग पोहोचवायला रस्ता हवा होता. महामार्गाची आखणी याच साखळीला धरून झाली. सोपी जमीन कुठे आहे हा विचार दुय्यम ठरला, आणि त्याची किंमत पुढे बुलडोझर चालवणाऱ्यांनी मोजली.

११ फेब्रुवारी १९४२ ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मंजुरी दिली. ८ मार्च ही काम सुरू झाल्याची अधिकृत तारीख. ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीक या रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनापासून अलास्कातल्या बिग डेल्टापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटरची वाट पाडायची होती. आपल्याकडच्या मुंबई–कोलकाता रस्त्याहून हे अंतर जास्त, आणि मधल्या बऱ्याच टापूचे धड नकाशेही नव्हते. पहिला कच्चा रस्ता लष्कराने काढायचा आणि मागून सरकारी रस्तेखात्याचे कंत्राटदार येऊन तो पक्का करतील, अशी वाटणी होती. जूनमध्ये जपानने अलास्कातल्या डच हार्बरवर बॉम्ब टाकले, अल्यूशियन साखळीतली किस्का आणि आट्टू ही बेटं घेतली, आणि कामाच्या घाईबद्दल कोणाला शंका उरली नाही.

माणसं कमी पडली म्हणून

कामाचे प्रमुख होते ब्रिगेडियर जनरल विल्यम होग. सुरुवातीला त्यांच्या हाताखाली इंजिनिअर दलाच्या चार पलटणी धाडायचं ठरलं : १८वी, ३५वी, ३४०वी आणि ३४१वी. चारही गोऱ्या. एवढ्या माणसांत एका हंगामात काम उरकणार नाही हे लवकरच उघड झालं. इंजिनिअर पलटणींना सगळ्याच आघाड्यांवर मागणी होती. तेव्हा कुठे ९३वी, ९५वी आणि ९७वी या कृष्णवर्णीय पलटणींची नावं पुढे आली.

‘तेव्हा कुठे’ हे शब्द मुद्दाम वापरतो आहे. त्या काळच्या अमेरिकन लष्करात काळे आणि गोरे वेगळे राहत, वेगळे जेवत, वेगळ्या तुकड्यांत लढत. १९२५ मध्ये लष्कराच्या वॉर कॉलेजने एक अहवाल केला होता; कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने आणि धैर्याने कमी, त्याला गोऱ्या अधिकाऱ्याखालीच ठेवावं, असा त्याचा रोख. या माणसांना थंडी मानवत नाही, हाही एक लाडका समज. त्यामुळे ते प्रामुख्याने हमाली, वाहतूक, बांधकाम अशा कामांत घातले जात, आणि त्यांचे अधिकारी जवळपास सगळे गोरे असत. ९३वी पलटण लुइझियानातल्या कॅम्प लिव्हिंगस्टनमधून आली, ९७वी फ्लोरिडातल्या एग्लिन फील्डवरून, ९५वी नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅगहून. बर्फ कधी पाहिलाच नाही अशी दक्षिणेतली पोरं त्यात भरपूर होती.

अलास्काच्या संरक्षणाची जबाबदारी होती सायमन बोलिव्हर बकनर ज्युनियर यांच्याकडे. त्यांचे वडील यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचे जनरल. एप्रिल १९४२ मध्ये बकनर आणि वॉशिंग्टनमधले इंजिनिअर दलाचे जनरल स्टर्डेव्हंट यांच्यात पत्रव्यवहार झाला, आणि या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद तोच. स्टर्डेव्हंट कळवतात की कृष्णवर्णीय पलटणी तुम्हाला नको आहेत हे ठाऊक आहे, टाळायचा प्रयत्नही केला, पण नाइलाज आहे. त्यांना वस्त्यांपासून दूर कामाला लावू. बकनर उत्तर देतात की गोदीवर वगैरे या माणसांकडून काम करून घ्यायला आपली हरकत नाही. त्यांना भीती वेगळीच होती. अलास्कात मजुरी भरपूर मिळते, तेव्हा ही माणसं युद्धानंतर इथेच राहतील, इथल्या इंडियन आणि एस्किमो या मूळनिवासी लोकांत मिसळतील आणि एक संकरित प्रजा तयार होईल, असं त्यांनी अत्यंत हिणकस शब्दांत लिहिलं.

हे पत्र कामाच्या योग्यतेबद्दल काहीच म्हणत नाही, हे लक्षात घ्या. ही माणसं रस्ता बांधू शकणार नाहीत असा मुद्दाच नाही. ती बांधतील, आणि मग जाणार नाहीत, ही धास्ती. त्यावरचा तोडगाही तसाच निघाला : काम करून घ्यायचं, पण दिसू द्यायचं नाही. मुक्काम गावापासून लांब, गावात जाण्यावर निर्बंध, काम संपलं की पुढच्या जंगलात. गावकऱ्यांच्या आठवणीत, स्थानिक पेपरांत, दुकानाच्या वहीत, चर्चच्या नोंदीत जी माणसं येत नाहीत, त्यांचा मागोवा पन्नास वर्षांनी कोण आणि कशावरून घेणार?

यंत्रं कोणाच्या हातात

९५वी पलटण डॉसन क्रीकला पोहोचली तेव्हा दक्षिण टोकाला ३४१वी पलटण आधीपासून कामावर होती. ३४१वी नवीन उभी केलेली, अवजड यंत्रांचा सराव बेताचा. ९५वीकडे तो अनुभव त्यांच्यापेक्षा जास्त होता. तरी पुढे राहून वाट पाडायचं काम ३४१वीला मिळालं, आणि ९५वीची अवजड यंत्रसामग्री तिच्याकडे वळवण्यात आली. ९५वीच्या वाट्याला उरल्या कुऱ्हाडी, करवती, फावडी आणि ढकलगाड्या. पुढच्यांनी झाडं आडवी करून जायचं, मागच्यांनी चर खणायचे, मोऱ्या बसवायच्या, चिखलात ओंडके अंथरायचे.

रस्त्याचं काम पाहिलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. बुलडोझर पुढे गेला की फोटो निघतो. त्याच्यामागे पाण्याचा निचरा करणारा माणूस आहे म्हणून तो रस्ता पावसाळ्यानंतरही रस्ता राहतो, पण त्याचा फोटो कोणी काढत नाही. रोज किती मैल पुढे सरकलो हा वरच्या कचेरीत कळवायचा आकडा, आणि तो नेहमी पुढच्या पलटणीच्या नावावर लागतो. यंत्रं काढून घेतली तेव्हा श्रेयाची वाटणीही तिथल्या तिथे होऊन गेली.

मग जुलै १९४२ मध्ये सिकानी चीफ नदी आडवी आली. ब्रिटिश कोलंबियातली ही डोंगरातून येणारी थंडगार, जोरकस नदी. पात्र सुमारे ३०० फूट. पूल बांधायचं काम ९५वीकडे आलं. जवानांनी आजूबाजूची झाडं तोडली, ओंडके सोलले, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून लाकडी खांब उभे केले, वर तुळया टाकल्या. रात्री ट्रकचे दिवे नदीवर रोखून काम चालू ठेवलं. ८४ तासांत पूल उभा राहिला. ठरवून दिलेल्या मुदतीच्या आत पूल बांधून दाखवू, अशी पैज जवानांनी स्वतःचा पगार लावून मारली होती, असंही सांगितलं जातं.

गोष्ट मोठी खरीच. पण ती आज ज्या थाटात सांगितली जाते त्याबद्दल माझी तक्रार आहे. हातात साधी हत्यारं, समोर बर्फाळ नदी, तोंडात गाणी आणि साडेतीन दिवसांत पूल; ऐकणारा भारावून जातो आणि हत्यारं साधी का होती हे विचारायचं राहून जातं. (ट्रकच्या दिव्यांचाही जरा जास्तच गाजावाजा होतो. जुलैत त्या अक्षांशावर काळोख असा काही तासांचाच. पाण्याच्या थंडीला मात्र जुलैने काही फरक पडत नाही.) ९५वीला तिची यंत्रं ठेवू दिली असती तर कदाचित ८४ तासही लागले नसते आणि ही दंतकथाही जन्माला आली नसती. पराक्रमाची कहाणी अन्यायाच्या कहाणीवर अशी चपखल बसते की खालचं काही दिसत नाही. सिकानी चीफचा पूल सांगताना ३४१वीला गेलेले बुलडोझर त्याच वाक्यात सांगावेत, असं माझं मत आहे.

९३व्या पलटणीबद्दल थोडक्यात. ती स्कॅग्वे बंदरात उतरली, तिथून व्हाइट पास अँड युकॉन रेल्वेच्या अरुंद गाडीने डोंगर चढून कारक्रॉसला आली, आणि तिथून टेस्लिनच्या दिशेने तिने रस्ता काढला. तिच्या वाट्याला ना प्रसिद्ध पूल आला, ना प्रसिद्ध फोटो. त्यामुळे आजही तिघींत तिचंच नाव सर्वांत कमी घेतलं जातं. आठवण जागवायलाही एखादा ठसठशीत प्रसंग लागतो. नुसतं नेमाने केलेलं काम तिला पुरत नाही.

शेवाळाखालचा बर्फ

९७वी पलटण या तिघींतली एकटीच अलास्कात कामाला लागली, बकनर यांच्या इलाख्यात. वाल्डीझ बंदर, पुढे बर्फाने अडलेली थॉम्प्सन खिंड, मग स्लाना, मेंटास्टा खिंड आणि टोक. तिथून तानाना नदीच्या खोऱ्यातून आग्नेयेला कॅनडाच्या सीमेकडे. समोरून, व्हाइटहॉर्सकडून, १८वी पलटण येत होती. या दोघी जिथे भेटतील तिथे रस्ता जोडला जाणार होता.

दोघींना सर्वांत जास्त छळलं ते जमिनीने. त्या भागात वर शेवाळाचा जाड थर, त्याखाली कुजलेल्या पाल्याचा काळा चिखल आणि त्याखाली वर्षानुवर्षं न वितळलेली माती. दक्षिणेत जी पद्धत चालते ती इथे घातक. बुलडोझरने वरचा थर खरवडून काढला की ऊन थेट गोठलेल्या मातीवर पडतं, आतला बर्फ वितळतो, आणि काल कडक वाटलेल्या जमिनीत आज यंत्र रुतून बसतं. जेवढं खणावं तेवढी दलदल खोल. शहाणपण आलं ते अनुभवाने : शेवाळाला हात लावायचा नाही, झाडं हाताने तोडायची, फांद्या आणि ओंडके आडवे एकाला एक लावून अंथरायचे, वर माती आणि खडी. शेवाळ आणि लाकूड ऊन अडवतात, बर्फ बर्फच राहतो, रस्ता टिकतो. १८वी पलटण सरोवरांच्या प्रदेशातून पुढे आल्यावर याच जमिनीत अडकून मंदावली, आणि जोडणी ऑक्टोबरपर्यंत लांबली.

उन्हाळ्यात डासांनी जीव नकोसा केलेला, आणि आता कडाक्याची थंडी सुरू झालेली. २५ ऑक्टोबरच्या सुमारास, सीमेपासून जवळच बीव्हर क्रीकपाशी, ९७वीचा कॉर्पोरल रेफाइन्स सिम्स ज्युनियर पुढचा बुलडोझर चालवत होता. गडी फिलाडेल्फियाचा. एकाएकी समोरची झाडं त्याच्याच दिशेने कोसळायला लागली. त्याने झटक्यात यंत्र मागे घेतलं, आणि झुडपं फोडत दुसरा बुलडोझर पुढ्यात आला. त्यावर १८वीचा, टेक्सासचा प्रायव्हेट आल्फ्रेड जलुफ्का. इतक्या वेगात रान फोडत आलेला की फांद्यांनी ओरबाडून चेहरा रक्ताळला होता. एक काळा, एक गोरा. दोघांनी हस्तांदोलन केलं आणि त्याचा फोटो निघाला.

एका फोटोचे उपकार आणि अपकार

हा फोटो लष्कराच्या प्रसिद्धी यंत्रणेला सोन्यासारखा मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने दुहेरी विजयाची मोहीम उघडली होती : परक्या हुकूमशाहीवर विजय आणि घरच्या वर्णभेदावरही. देशासाठी मरायला चालतो, मग बसमध्ये शेजारी बसायला का चालत नाही, हा प्रश्न उघडपणे विचारला जात होता. अशा वेळी दोन हसरे सैनिक, दोन रंग, एक रस्ता. २० नोव्हेंबर १९४२ ला क्लुआनी सरोवरावरच्या ‘सोल्जर्स समिट’ नावाच्या जागी उद्घाटन झालं तेव्हा फीत धरायला चार साधे सैनिक उभे केले, दोन काळे आणि दोन गोरे. सिम्स आणि जलुफ्का त्यात होतेच. फीत कापली कॅनडाचे मंत्री इयन मॅकेन्झी आणि अलास्काच्या वतीने आलेले बॉब बार्टलेट यांनी.

या फोटोचे उपकार नाकारता येणार नाहीत. तो नसता तर कृष्णवर्णीय सैनिक तिथे होते हे पुढे अनेकांना पटवून देणंच अवघड झालं असतं. अख्ख्या पलटणींपैकी ज्याचं नाव आज सहज सापडतं तो सिम्सच. पण पाहणाऱ्याला त्यातून असं वाटतं की ही दोघं एकाच तुकडीची, एकाच तंबूत झोपणारी. प्रत्यक्षात हस्तांदोलन झालं आणि दोघं आपापल्या वेगळ्या छावण्यांत परतले. तो हिवाळा भयंकर कडक निघाला. पारा उणे ५० अंश सेल्सियसच्या आसपास जात असताना माणसं तंबूंत दिवस काढत होती, इंजिन गोठू नयेत म्हणून ती बंदच करत नसत. त्याचे फोटो त्या मानाने कोणाच्या डोळ्यांसमोर नाहीत.

पुढे ९३वी अल्यूशियन बेटांकडे गेली, ९५वी युरोपात, ९७वी पॅसिफिकमध्ये. युद्ध संपलं, माणसं पांगली. घरी गेल्यावर दक्षिणेत त्यांच्यासाठी बसची मागची बाकं तशीच होती. रस्त्याची गोष्ट सांगायला मागे उरले ते अधिकारी, कंत्राटदार आणि तिथे स्थायिक झालेले गोरे लोक. आठवणी लिहिल्या गेल्या, पर्यटकांसाठी पुस्तिका निघाल्या, गावोगावी छोटी संग्रहालयं झाली. कोणी ठरवून कृष्णवर्णीयांना वगळलं असं म्हणायची गरज पडत नाही. सांगणारे ज्या मुक्कामांवर होते तिथे ही माणसं नव्हती, आणि ती तिथे का नव्हती याची पत्रं लष्कराच्या दप्तरात पडून होती.

आठवण कशी परत आली

वळण आलं ते १९९२ च्या सुमारास, महामार्गाच्या पन्नाशीला. अलास्कातल्या पत्रकार आणि इतिहासकार लेल मॉर्गन यांनी कृष्णवर्णीय पलटणींचे फोटो शोधले, जमवले आणि त्यांचं प्रदर्शन भरवलं. याच विषयावर त्यांनी अभ्यासलेखही लिहिला, आणि अल्पसंख्याक या इतिहासातून पद्धतशीर बाहेर लिहिले गेले असं स्पष्ट म्हटलं. हयात सैनिकांचा शोध सुरू झाला तेव्हा ते सत्तरीत होते. दहा वर्षं आणखी गेली असती तर विचारायलाही कोणी उरलं नसतं.

१९९३ मध्ये डेल्टा जंक्शनच्या अलीकडे गर्स्टल नदीवरच्या जुन्या पोलादी पुलाला कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मरणार्थ नवं नाव मिळालं. हे स्मारक ३,६९५ सैनिकांचं : ९३वी, ९५वी, ९७वी आणि ३८८वी. ही ३८८वी महामार्गावर नव्हती. मॅकेन्झी नदीच्या बाजूने नॉर्मन वेल्सच्या तेलविहिरींकडे पाइपलाइनचं सामान वाहून नेणारी ती कृष्णवर्णीय बटालियन. तिला त्यात घेतलं हे मला विशेष आवडलं, कारण तिच्याबद्दल तर दंतकथासुद्धा नाही.

तरी पूल तो पूल. ताशी शंभराने जाणारी गाडी पाटी वाचायला थांबत नाही. म्हणून २०१७ चा कायदा महत्त्वाचा. सिनेटर डेव्हिड विल्सन यांनी विधेयक मांडलं, गव्हर्नर बिल वॉकर यांनी सही केली. त्या वर्षी ९३व्या पलटणीतले लेनर्ड लार्किन्स न्यू ऑर्लिन्सहून अलास्कात आले होते, वय नव्वदीच्या पुढे. त्यांच्या पलटणीचा ना पूल प्रसिद्ध ना फोटो. हे बघता त्यांचं तिथे असणं अगदी योग्यच म्हणायचं.

आठवणीच्या भरात होणारे दोन घोळ

पहिला घोळ श्रेयाचा. या महामार्गाला नागरी हक्कांकडे नेणारा रस्ता म्हणायची रीत पडली आहे, तीही अमेरिकेच्या सरकारी लिखाणातून. युक्तिवाद असा की इथल्या कामगिरीने लष्कराचे डोळे उघडले आणि १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी लष्करातला वर्णभेद बंद करणारा ९९८१ क्रमांकाचा आदेश काढला. याने माझं समाधान होत नाही. १९४८ च्या आदेशामागे कृष्णवर्णीयांचे कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी दिलेला कायदेभंगाचा इशारा होता, त्या वर्षीची निवडणूक होती, युद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांवर झालेले अमानुष हल्ले होते. अलास्का महामार्ग या पुराव्याच्या ढिगातला एक दगड, फार तर भक्कम दगड. काम चांगलं केलं म्हणून हक्क मिळाले, असं म्हटलं की हक्क हे बक्षीस ठरतात. आणि पूल ८४ ऐवजी १८४ तासांत झाला असता तर काय, हा प्रश्न अंगावर येतो.

दुसरा घोळ जास्त अवघड. ज्या जमिनीतून हा रस्ता गेला ती ओसाड नव्हती. टेस्लिन, कारक्रॉस, क्लुआनी, तानाना या सगळ्या भागांत आदिवासींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा, शिकारीची रानं, मासेमारीचे मुक्काम होते. त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांच्यातल्याच जाणत्यांनी, कारक्रॉसच्या जॉनी जॉन्स यांच्यासारख्यांनी, मोजणी पथकांना वाटा दाखवल्या. रस्त्याबरोबर बाहेरची माणसं आली आणि साथी आल्या. टेस्लिनमध्ये १९४२-४३ च्या एका वर्षात गोवर, डांग्या खोकला, कावीळ, मेंदूज्वर अशी रोगांची रांग लागली. क्लुआनीचं रान शिकारबंदीखाली आलं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकार करणाऱ्यांनाच बाहेर काढलं गेलं. ‘निर्मनुष्य जंगलात रस्ता काढला’ हे वाक्य सैनिकांच्या गौरवासाठी लिहिलं जातं, आणि त्याच वाक्यात दुसरी माणसं पुसली जातात.

यात सैनिकांना दोष लावणं चुकीचं आहे. ते हुकमाचे ताबेदार होते, आणि बकनर यांच्या पत्रात ज्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं होतं ते नेमके हेच दोन समाज. त्या पत्राच्या दृष्टीने दोघंही एकाच यादीत होते.

हाच प्रकार आसामात

ज्या डिसेंबरात अलास्कातल्या पलटणी तंबूंत गारठत होत्या, त्याच डिसेंबर १९४२ मध्ये आसामातल्या लेडो इथून दुसऱ्या एका लष्करी रस्त्याला सुरुवात झाली. पांगसाऊ खिंड ओलांडून ब्रह्मदेशात आणि पुढे चीनमध्ये कुनमिंगला जोडणारा हा रस्ता. तिथे कामाला आलेल्या पहिल्या तुकड्या होत्या ४५वी इंजिनिअर पलटण आणि ८२३वी इंजिनिअर एव्हिएशन बटालियन, दोन्ही कृष्णवर्णीय. लेडो रस्त्यावर राबलेल्या सुमारे १५,००० अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास ६० टक्के कृष्णवर्णीय होते. बर्फाच्या जागी पाऊस, गोठलेल्या मातीच्या जागी घसरणारे डोंगर, डासांबरोबर इथे मलेरियाही. हजाराहून जास्त अमेरिकन या रस्त्यावर मेले. ४ फेब्रुवारी १९४५ ला पहिला काफिला कुनमिंगला पोहोचला.

रस्त्याला नाव मिळालं त्या आघाडीवरचे अमेरिकन सेनापती जनरल स्टिलवेल यांचं. आपल्याकडच्या शाळेत दुसरं महायुद्ध शिकताना हा रस्ता आला तर एखाद्या ओळीत येतो, आणि त्या ओळीत पलटणी नसतात. या रस्त्याचं प्रकरण स्वतंत्रपणे मांडावं लागेल, कारण तिथली माणसांची यादी अलास्काहून गुंतागुंतीची आहे : ४५वी आणि ८२३वी तर आहेतच, त्यांच्या जोडीला आसामच्या चहामळ्यांतून आणलेले मजूर, नागा आणि काचिन हमाल व वाटाडे, आणि चिनी सैनिकही आहेत.